बोळाचा मालक

३ मार्च, सकाळ
निर्णय झाला. घराशेजारचा आमचा बोळ बंद. कागदावर बाबांचं नाव, म्हणजे माझाच. मागच्या घरातल्या शिंपीणकाकूंची मुलगी (पुढे फक्त 'ती') रोज तिथून जाते, त्याला माझी हरकत नाही. तीन वर्षं खिडकीतून बघतोय. पण काल तिच्याबरोबर वायरमन होता. माझ्या जमिनीवर, शीळ घालत! दात पाडणार त्याचे. आधी भिंत.

संध्याकाळ
बाबा म्हणाले, अरे, आजोबांपासून लोक जातात तिथून, वहिवाट आहे ती. म्हटलं, बाबा, मला कायदा शिकवू नका. दोन वर्षं लॉ केलंय मी. (दीड.)

६ मार्च
भिंत उभी! छातीएवढी. वायरमन आला. मी दगड भिरकावला. काच फुटली, आमचीच. त्याने कॉलर धरली, मी मनगटाला चावलो, त्याने नाक फोडलं. शर्ट लालभडक. पण वळसा घालून कोण गेलं? तो! विजय.

७ मार्च
तीसुद्धा वळसा घालून गेली. खिडकीतून आता नुसती भिंत दिसते. हे प्लॅनमध्ये नव्हतं.

१० मार्च
ती पलीकडून ओरडली, अहो मालक, आईचे गुडघे गेलेत, तिला एवढा वळसा झेपत नाही, पाडा ती भिंत! मला 'अहो' म्हणाली. जेवण गेलं नाही.

१७ मार्च
तहसीलदार मॅडमच्या ऑफिसात सुनावणी. तक्रारदार: ती. (अक्षर सुंदर आहे.) मॅडम म्हणाल्या, जमीन तुमचीच, पण वीस वर्षांहून जास्त लोक अखंड, उघडपणे ही वाट वापरतायत. मालक झालात म्हणून ती अडवता येणार नाही. मी टेबलावर मूठ आपटली. काच फुटली, त्यांची. शिपायाने मानगूट धरून जिन्यावरून ढकललं.
मित्राला फोन केला. वहिवाटीचा धडा मी कॉलेज सोडलं त्याच्या पुढच्या आठवड्यात झाला म्हणे.

२१ मार्च
भिंत पाडायला दिलेली मुदत संपली. भिंतीला हात लावेल त्याचा मुडदा पाडीन, असं गच्चीवरून जाहीर केलं. घण घेऊन तीच आली. मी भिंतीला पाठ लावून उभा. म्हटलं, आधी माझ्या छातीवर घाल. ती म्हणाली, बाजूला हो, खरंच घालीन. मग मी कायदा काढला: तीन वर्षं तुझ्यावर प्रेम करतोय. अखंड, उघडपणे. ही वहिवाट नाही तर काय?
ती थांबली. म्हणाली, उघडपणे? मला तर आत्ता कळतंय.
आणि घण घातला. भिंतीवर. भिंत माझ्या पायावर.

२२ मार्च
तीन बोटं मोडली. हाडांच्या डॉक्टरांकडे जायला जवळची वाट बोळातून, पुढे शिंपीणकाकूंच्या अंगणातून. बाबांनी काकूंना विचारलं, जाऊ का? त्या म्हणाल्या, विचारायचं काय त्यात, भाऊजी, वहिवाट आहे.
वायरमनने पाठुंगळीला घेऊन नेलं.
शीळ घालत.