सर्व्हर आणि बाबांचं बटण

६ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला. पुसून नवी डिस्क बसवली, तुझा प्रोग्राम चढवला. आता तुमचे फोटो तिकडून आपोआप इथे येऊन पडतील, असं तू म्हणतोस. पण तो सतत चालू लागतो ना? बाबा खोलीतून उठले की सगळी बटणं बंद करतात. वीज खात्यातून निवृत्त झाले, हात काही निवृत्त झालेला नाही. काल मी ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी डकवली. बाबांनी ती वाचली, अक्षर सुधारलंय म्हणाले आणि बटण बंद केलं.

डिस्क बिघडली तर दुसरी प्रत कुठे ठेवायची, तेही कळव. बाळीला पापा.

लोभ असू द्यावा, माझ्या शंकांसकट.
तुझी बहीण

११ जून

चि. शंकेखोरबाईंस,
अ. उ. आ.

पत्रात बातमी कमी, धास्ती जास्त. कुलूप लावून पुन्हा पुन्हा ओढून बघणारी तू, तुझ्याकडून दुसरं काय यायचं? अगं, मी दिवसभर कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. घरातला एक डबा जमणार नाही? बाबांना फोनवर समजावलं आहे, ते ‘बरं’ म्हणाले. दुसऱ्या प्रतीचं नंतर बघू. फोनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून बाळीचं सगळं सर्व्हरवर सोडलं आणि फोन लख्ख रिकामा केला. तूही डोकं असंच रिकामं करत जा.

बाकी काळजी करायला तू समर्थ आहेसच.
दादा

१५ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांचं ‘बरं’ तू खरं धरलंस? याच घरात वाढलास ना? फोन ठेवून ते मला म्हणाले, पोरगा हुशार आहे, पण वीज फुकट येत नाही. आणि बटण बंद.

तुझा फोल्डर उघडला. त्यात तुझी नवी गाडी आहे, पुढून, मागून, सीटवरच्या प्लास्टिकसकट. बाळीचा एकही फोटो नाही. तू फोन खरंच रिकामा केलास का?

तूर्त लोभाची काळजी नाही, फोटोंची आहे.
तुझी बहीण

१७ जून

चि. ताईसाहेबांस,
अ. उ. आ.

केला. कचरापेटीही रिकामी केली. फोनवर ‘रांगेत’ असं येत होतं, मी ते ‘पोचले’ असं धरून चाललो. कंपनीत दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. बाळी पहिल्यांदा चालली तो व्हिडिओही त्यातच गेला. तुझ्या वहिनीला अजून सांगायचा धीर होत नाही. आईला मी वरचेवर पाठवायचो, तिच्या फोनवर काही आहे का बघ. बाबांना बोलू नकोस. आणि हसू नकोस.

तुझा दादा

२० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी हसले नाही. आई हसली.

तू तिला पाठवलेलं सगळं तिच्या फोनवर आहे. फोन भरला तेव्हा दुकानदार म्हणाला, नको ते पुसून टाका. हिने त्यालाच विचारलं, यातली नको ती नात कोणती? मी ते सगळं सर्व्हरवर उतरवलं आणि दुसरी प्रत माझ्या कपाटात ठेवली. बाबांना आईने सांगितलं. त्यांनी सर्व्हरला वेगळी वायर ओढून दिली, तिला बटणच ठेवलं नाही.

फक्त बाळी चालली तो व्हिडिओ नाही. मला वाटलं आईच्या हातून गेला, तसं तिला विचारलंही. ती म्हणाली, पोर चालायला लागली हेच मला विहीणबाईंकडून कळलं. म्हणजे तो तुझ्या सासूबाईंच्या फोनवर नक्की असेल. मागून घे. आणि या वेळी आईलाही पाठव, तिने अजून पाहिलेला नाही.

लोभ आहेच, तो दोन्हीकडे सारखा वाटावा, ही विनंती.
तुझी बहीण