अक्षतेच्या सकाळची गाडी

अण्णा, आपल्या घरात तुम्ही विचारायचं आणि आम्ही उत्तर द्यायचं, अशीच रीत होती. उलट विचारायची वेळ कधी आली नाही. आज सुगडं आणायला बाजारात गेले होते. तिथं दोन बायका कानडीत बोलत उभ्या होत्या. मी उगाच त्यांच्या मागं थांबून राहिले. एक अक्षर कळत नव्हतं. घरी आले ती चिडूनच, आणि लिहायला बसले.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या संक्रांतीला आपण सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो. आईची बालमैत्रीण दर वर्षी बोलवायची आणि दर वर्षी तुम्ही म्हणायचात, "बघू." आजी-आजोबा गेल्यावर आईला माहेर असं उरलंच नव्हतं, होती ती एवढी मैत्रीण. आई लग्न होऊन जेऊरला आली तेव्हाच तुम्ही तिला सांगितलं होतंत, मास्तराच्या घरात एकच भाषा बोलली जाईल आणि तीही शुद्ध. तिनं ते इतकं पाळलं की आई कानडी घरातली आहे हे मला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडची कानडी मी कधी ऐकली नव्हती. ती पहिल्यांदा ऐकली सोलापूरच्या फलाटावर. ती मैत्रीण, म्हणजे माझी मावशी, गर्दीतून हात हलवत आली आणि आई माझा हात सोडून पुढं धावली. दोघी एकदमच बोलायला लागल्या. माझी आई इतकं भरभर बोलते, मधेच समोरच्याचं वाक्य तोडते, हे मला नवीन होतं. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही हमालाशी बोलत होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या यजमानांनी आपल्याला किल्ला दाखवला. ते मिलमध्ये कामाला होते. जत्रेसाठी मुद्दाम रजा काढली होती. बुरुजावरून त्यांनी तळं दाखवलं, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ दाखवलं, लांबवर मिलची चिमणी दाखवली. तुम्ही त्यांना किल्ल्याचा इतिहास सांगितलात. ते भले गृहस्थ, "व्हय का सर, आमाला हे म्हाईत न्हवतं," म्हणत ऐकत राहिले. आईचं लक्ष मात्र देवळाकडं होतं. उद्या भोगी, उद्या तिथं देवाच्या लग्नाची अक्षता. माणसं पांढऱ्या कपड्यांत उंच काठ्या मिरवत येतात, आणि सगळं सोलापूर मिळून तांदूळ टाकतं. लहानपणी ती वडिलांच्या खांद्यावरून टाकायची. यंदा तिनं जेऊरहूनच हळद लावलेले तांदूळ रुमालात बांधून आणले होते. एवढ्यासाठीच ती आली होती.

दुपारी आपण जत्रेत गेलो. भज्यांचा वास, धूळ, भोंग्यांचा कल्लोळ. मावशीनं आईला ओढतच मोठ्या पाळण्यात बसवलं. मी तुमच्याजवळ खाली उभी आहे. पाळणा वर जातो तसा आईचा पदर सुटून मागं उडतो, आणि ती ओरडते, "साकु, साकु." साकु म्हणजे पुरे, असं मावशीचे यजमान मला सांगतात. पण तिला पुरे झालेलं नाही, हे मलासुद्धा दिसतं आहे. ती उतरली तेव्हा तिचा तोल जात होता. मावशीच्या खांद्याला धरून ती कानडीत काहीतरी म्हणाली, आणि ते दोघं नवरा-बायको हसत सुटले.

तुम्ही विचारलंत, "काय म्हणाली ती?"

"काय न्हाय हो सर," मावशीचे यजमान डोळे पुसत म्हणाले. "वरनं तुमी मुंगीएवढे दिसत होता म्हणते."

आई अजून हसतच होती. तुमचा चेहरा दिसला तशी थांबली.

"खिदळून झालं असेल तर चला," तुम्ही म्हणालात. "सकाळच्या गाडीनं निघायचंय."

"सर, उद्या अक्षता हाय की," मावशी म्हणाली. "ती त्याच्यासाठीच आली ना."

"मी सांगितलं ते तिला कळलंय. तिला मराठी येतं."

आईनं पदर नीट केला आणि तुमच्या मागं चालू लागली. सकाळी आपला टांगा स्टेशनाकडं निघाला तेव्हा समोरून सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत देवळाकडं येत होतं. टांगेवाला सारखा बाजूला घेत होता. मावशीनं हुग्गीचा डबा दिला होता, गव्हाची गोड खीर. तो तुम्ही ओट्यावरच ठेवायला लावलात. रस्त्यात सांडेल म्हणालात.

घरी पोचल्यावर आईनं चूल पेटवली. रुमाल सोडला, ते पिवळे तांदूळ धुतले आणि शिजत घातले. तुम्ही ताटावर बसून म्हणालात, "भात पिवळा कसा?" ती म्हणाली, "हळद सांडली." तुम्ही जेवलात. मी मात्र पोट दुखतंय म्हणून उठले.

त्यानंतर आई सोलापूरला गेली नाही. भांडली नाही, रुसली नाही. तुमचं सगळं वेळच्या वेळी केलं. पण शेवटच्या दुखण्यात तिचं मराठी गेलं. सगळंच कानडी. काहीतरी सांगायची, आपल्याला कळत नाही म्हणून कळवळायची, आणि आपण दोघं अंथरुणाच्या दोन बाजूंना मठ्ठासारखे बसून. शेवटी तुम्हीच मावशीला निरोप धाडलात. ती आली. दोन दिवस आईचा हात धरून बोलत बसली, आणि आई शांत गेली. मग तुम्ही मावशीला विचारलंत, "काय म्हणत होती?" तुमचा आवाज मी तसा आधी ऐकला नव्हता.

"तुमची काळजी करत होती, सर," मावशी म्हणाली. "ह्यांना जेवायला कोण घालणार म्हणत होती."

तुम्ही मान हलवलीत. पुढं जगलात तितकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत आलात. मी मावशीला गाडीत बसवायला स्टेशनवर गेले होते, तेव्हा तिनं मला खरं सांगितलं. आई बोलत होती ती तिच्या आईशी, माहेरच्या म्हशीशी, शेजारच्या पोरींशी. "तुजं नाव आलं बाळ, दोनदा," मावशी म्हणाली. "त्यांचं न्हाय आलं."

तुमचा राग आला की हे तुम्हाला तोंडावर सांगावं, असं कितीदा वाटलं. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तर संधीच होती. पण तुम्ही पेज पिता पिता तेच म्हणायचात, "तिला माझ्या जेवणाची काळजी होती," आणि मी म्हणायचे, "हो, अण्णा." आजही तुम्ही दारात येऊन विचारलंत, तर हा कागद मी उशीखाली सारीन आणि तेच म्हणेन.