कुरळीच्या हातची सुई

९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला हल्ली नीट ऐकू येत नाही आणि मला हे ओरडून विचारायचं नाही, म्हणून पत्र. बाबा बरे आहेत. काल एक लिफ्ट दुरुस्त करायला तिच्याखालच्या खड्ड्यात उतरले आणि कंबर धरून वर आले, पण विचारलं तर म्हणतात, कंबर ठीक आहे, शिडीच वाकडी होती.

आता माझं. तू जन्मभर चामडीच्या विभागात नर्स होतीस, म्हणून तुलाच विचारते. माझ्या गालांवरचे मुरमांचे खड्डे तू पाहिलेच आहेस. चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी गिऱ्हाइकापुढे आरसा धरते. ते स्वतःला बघतात आणि मग हळूच मला. परवा एका आजीबाईंनी मायेनं विचारलं, की पोरी, लहानपणी भाजलं होतं का गं? मी हो म्हणून मोकळी झाले.

बारीक सुयांनी चेहरा टोचून खड्डे भरून काढतात म्हणे. मायक्रोनीडलिंग. टोचून घेतल्यावर चेहरा सुधारतो, हे मला काही केल्या पटत नाही, आणि तरी आशा सुटत नाही. आई असती तर तिच्याशी बोलले असते. तू खरं काय ते सांग.

तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी ठमी


१७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. त्या आजीबाईंचा चष्मा तूच बसवलास ना? मग नंबर पुन्हा तपासून घे, त्यांना दिसत नाही.

तुला पटत नाही ते बरोबर आहे, ऐकायला उलटंच वाटतं. केसाहून बारीक सुया एका पेनाच्या टोकाला असतात. पेन चालू केलं की त्या भराभर वरखाली होतात आणि चामडीत बारीक भोकं पाडतात. चामडीला वाटतं, आपल्याला जखम झाली. मग ती जखम भरायला चामडी आतून नवे धागे विणते, आणि त्या विणीमुळे खड्ड्याचा तळ थोडाथोडा वर येतो. सगळं काम चामडीचं, सुई फक्त तिला जागं करते. म्हणून घाई चालत नाही. महिन्या-दीड महिन्यानं एकेक खेप, आणि फरक दिसायला निम्मं वर्ष. खड्डे उथळ होतात, नाहीसे होत नाहीत. काचेसारखा गाल करून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून चपला घालून निघायचं.

आणखी एक. चेहऱ्यावर पिकलेली मुरमं असतील तर सुई लावायचीच नाही, घाण सगळीकडे पसरते. तुला अजून येतात. शिवाय ती भोकं काही तास उघडी असतात, म्हणजे घराची सगळी दारं सताड उघडी. त्या वेळात चेहऱ्याला जे लागेल ते सरळ आत जातं. म्हणून हे काम चामडीच्या डॉक्टरकडेच करायचं. दुसरीकडे टोचून घेतलेल्या भल्याभल्यांना मी आमच्या विभागात रडत येताना पाहिलंय.

तुझ्या बापाला सांग, शिडी सरळ आहे, तोच म्हातारा झालाय.

माया आहे तशीच ठेव.
तुझी आत्या


२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी कबूल कर, की पत्र पुरं वाचल्याशिवाय रागावणार नाहीस.

डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी तुझंच बोलणं पुन्हा ऐकवलं. आधी मुरमं शांत करायची, गोळ्या-मलम घ्यायचं, मग पावसाळ्यानंतर बघू. म्हणजे आणखी कितीतरी महिने आरसा धरून उभं राहायचं. बाहेर आले आणि रडूच आलं.

माझी शाळेतली कुरळी आठवते? माझी वेणी बाकाशी बांधायची ती. तिनं आता एका खोलीत पार्लर काढलंय. ती हे काम शिकून आली आहे, तिच्याकडे पेन आहे. ती म्हणाली, की डॉक्टर लोक उगाच बाऊ करतात, ये, तुला मी करून देते. गेल्या आठवड्यात केलं.

तू विचारशीलच म्हणून सांगते, सुई नवी होती, पाकीट माझ्यासमोर फोडलं. आधी बधिर करायचं मलम लावलं, तरी सुई कपाळाशी आली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. नंतर चेहरा पेटल्यासारखा झाला, तेव्हा तिनं फवाऱ्याच्या बाटलीतून गार पाणी मारलं, फार बरं वाटलं. एकदा मी दचकून हललेच, तर म्हणाली, की हललीस तर पुन्हा बाकाशी बांधीन. इतक्या वर्षांनी आम्ही पोटभर हसलो.

लाली उतरली आहे आणि चेहरा खरंच चकाकतोय. दुकानाच्या मालकांनीही विचारलं, की काय विशेष? आता रागव.

तरी पत्र पाठवच.
तुझी ठमी


२१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय म्हणजे काय ते तू ओळखलं असशील. ठमी तुझ्या तिन्ही पत्रांना उत्तर देत नाही, कारण ती कुणालाच उत्तर देत नाही.

एप्रिल संपता संपता तिच्या गालावर गाठी आल्या. आधी वाटलं, मुरमंच. मग त्या जांभळ्या झाल्या, फुगल्या आणि एकेक फुटायला लागली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं मलम दिलं, दुसऱ्यानं आठवडाभराच्या गोळ्या दिल्या. काडीचा फरक नाही. कुरळीनं काय केलं ते दोघांनाही तिनं सांगितलं नाही, मैत्रिणीचं नाव यायला नको म्हणून. मला काल सांगितलं.

मालकांनी तिला आतल्या खोलीत काचा घासायला बसवलंय. बरी होईपर्यंतच, असं म्हणाले. ती जेवते ती भिंतीकडे तोंड करून. परवा मी म्हटलं, की अगं, मी तुझा बाप आहे, माझ्यापासून काय लपवतेस? तर ताट तसंच ठेवून उठली.

लिफ्ट अडकली तर कुठे हात घालायचा ते मला कळतं. इथे काही कळत नाही. काय करू ते लगेच कळव.

तुझा,
भाऊ


२६ मे

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळताच तिला मोठ्या हॉस्पिटलात चामडीच्या विभागात घेऊन जा. उद्यावर टाकू नकोस. डॉक्टरांना सुईचं सांगा, आणि नंतर कुरळीनं फवाऱ्याच्या बाटलीतून मारलेल्या पाण्याचंही. विसरू नका. मला त्या पाण्याचीच भीती वाटते. सुई नवी असून काय उपयोग, भोकं उघडी असताना कुरळीनं नळाचं शिळं पाणी चेहऱ्यावर मारलं असणार. पाण्यात राहणारे काही जंतू असतात, ते चामडीत शिरले की आठवडेच्या आठवडे गप्प बसतात आणि मग गाठी करतात. साध्या गोळ्यांना ते दाद देत नाहीत. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवतील, त्याला नाही म्हणू नका. गाठी कुणी पिळायच्या नाहीत. औषध महिनोन्‌महिने चालेल, तिचा धीर सुटला तरी तुझा सुटता कामा नये.

एप्रिलच्या त्या पत्राला मी चार पानं रागाची लिहिली होती. एक ओळ काळजीची हवी होती.

तिच्याशेजारी तूही भिंतीकडे तोंड करून जेवायला बस. बोलू नकोस, नुसता बस.

मी पुढच्या आठवड्यात येते.
ताई


३० सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू परत गेल्यावर घर फार रिकामं वाटलं. तू होतीस तोवर मी धड बोलले नाही, ते आता लिहिते.

त्या पाण्याबद्दलचा तुझा अंदाज बरोबर निघाला हे तुला कळलंच आहे. गोळ्या चालूच आहेत. तोंडात सतत कुणी लोखंडी खिळा ठेवल्यासारखी चव असते. गाठी बसत आल्या आहेत, पण जिथे त्या फुटल्या तिथे आधीपेक्षा खोल खड्डे पडलेत. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, की पूर्वीसारखं तरी होईल का? ते म्हणाले, की बरंचसं असंच राहील. खरं बोलले म्हणून मला त्यांचा राग आला नाही. काउंटरवर मला परत घेणार नाहीत, तेही आता कळलंय.

बाबा पोलिसांत जायला निघाले होते. मी म्हटलं, आधी मी कुरळीकडे जाऊन येते.

काय काय बोलायचं ते वाटभर घोकत गेले. पार्लरमध्ये पडद्यामागे एक बाई झोपली होती, चेहऱ्यावर बधिर करायचं मलम. कुरळी हातमोजे घालत होती. मी तोंडावरचा रुमाल काढला आणि त्या बाईंना म्हटलं, की जरा उठून माझ्याकडे बघा. त्यांनी पाहिलं आणि मलम न पुसताच चपला शोधायला लागल्या.

मग कुरळी किंचाळली, की माझ्या पोटावर पाय देतेस का? तिनं मला दाराकडे ढकललं. त्या झटापटीत तिचे गालावर ओढलेले केस मागे गेले. आत्या, तिच्या चेहऱ्यावर मेकअपचा जाड थर होता आणि घामानं तो जबड्यापाशी ओघळला होता. त्याच्याखाली तशीच जांभळी गाठ होती. कानाजवळ दुसरी, फुटलेली. माझं केलं त्याच संध्याकाळी तिनं हौसेनं स्वतःचंही केलं होतं. त्याच बाटलीतलं पाणी.

इतके महिने तिनं ते कुणाला दाखवलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणाली, की मला झालंय असं म्हटलं असतं, तर तुलाही माझ्यामुळेच झालं असं म्हणावं लागलं असतं. वर दुकान चालूच ठेवलं. मी घोकलेलं सगळं विसरले. तिला थोबाडीत मारली. मग आम्ही दोघी जमिनीवर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिला हॉस्पिटलात नेलं. पेन आणि बाटली डॉक्टरांनी मागवून घेतली. ज्या ज्या बायकांचं तिनं केलं त्यांना मी समोर बसून तिला फोन करायला लावले. एकीला गाठी आल्याच आहेत. तिचा नवरा फोनवर काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. कुरळीनं फोन न ठेवता ऐकून घेतलं. बाबांनी नंतर पोलिसांत दिलेली तक्रार आम्ही मागे घेणार नाही, हेही मी तिला सांगितलंय.

आज तिच्या तपासणीचा निकाल होता. बाहेर बाकावर बसलो असताना तिनं विचारलं, की तू मला माफ केलंस का? मी नाही म्हटलं. तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. ती उठलीच नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग मी उठले, तिचा हात धरला आणि तिच्याबरोबर आत गेले.

बाबा अजून भिंतीकडे तोंड करूनच जेवतात. त्यांना आता पुरे म्हणून तूच कळव.

तुझ्या मायेत उणं पडू देऊ नकोस.
तुझी ठमी