दहा मिनिटं बाहेर, आणि तेही दुसऱ्यांच्या पापाने

हॉलिनरॉइड, यॉर्कशर
सोमवार, कारखान्यातून आल्यावर

प्रिय मेहुणे डॅरिल यांस,
ग्लेन क्रॅबट्रीचा सप्रेम नमस्कार. तू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, तेव्हा खरं तर आशीर्वादच लिहायचे, पण परवाच्या शनिवारी मी तुला चारचौघांत पाच वेळा ‘साहेब’ म्हणालो आहे, त्यामुळे नमस्कारच असू दे. इकडे सर्व क्षेम आहे. जॅनिन बरी आहे, कुत्रा बरा आहे, माझा डावा गुडघा आहे तसाच आहे. तुझा घसा कसा आहे? दीड तास शिट्टी फुंकल्यावर माणसाला फोनवर बोलवत नसेल, म्हणूनच तू शनिवारपासून माझा फोन उचलत नाहीस अशी मी समजूत करून घेतली आहे, आणि म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, माझी तक्रार नाही. नेमलेला रेफरी आला नाही. तू आईच्या हातची गरम मटण-पाई खायला मैदानावर आला होतास आणि तुझ्याकडे परवाना होता, म्हणून दोन्ही कप्तानांनी तुला गळ घातली. (ब्रिगथॉर्पच्या कप्तानाला तू माझा मेहुणा आहेस हे कळल्यावर तो जरा बिचकला होता. मी त्याला आपल्या घरातल्या दोन-तीन गोष्टी सांगितल्या, तेव्हा त्याची खात्री पटली की नुकसान झालं तर माझंच होईल.) कपाची सेमीफायनल होती. बावीस हंगाम मी हॉलिनरॉइडच्या तेरा जणांच्या रग्बी संघात पहिल्या फळीत डोकं घालतो आहे आणि एकदाही फायनल खेळलेलो नाही, हे तुला ठाऊक आहे. पुढच्या हंगामात मी चव्वेचाळीस वर्षांचा असेन आणि मला संघात घेणारा माणूस बहुधा मीच असेन. तेव्हा ही फायनल मला हवी आहे. हे एवढं सरळ मी जॅनिनलाही सांगितलेलं नाही.

आता सामन्याच्या पूर्वार्धाकडे शांतपणे पाहू. आपल्या खेळात माणूस पाडला की त्याच्यावरून लगेच उठायचं, म्हणजे तो उभा राहून टाचेने चेंडू मागे ढकलील. हे आमच्या किअरनला माहीत आहे, पण पटलेलं नाही. तो पाडलेल्या माणसावर रविवारी दुपारी सोफ्यावर पडावं तसा पडतो. पहिल्या दोन पेनल्टी त्याच्या. तिसरी ब्रॅडची. त्याला दहा मीटर मागे उभं राहा म्हटलं की तो मनातल्या मनात मागे जातो. चौथी पुन्हा किअरनची आणि पाचवी टोनीची, ज्याने तुला तुझ्या चष्म्याबद्दल विचारलं. (तू चष्मा लावत नाहीस हाच त्याचा मुद्दा होता.) या सगळ्यात मी कुठे आहे? कुठेच नाही. मी बिचारा दर वेळी वीस पावलं मागे, धापा टाकत तिकडेच येत होतो.

आणि मग तू मला बोलावलंस. कप्तान म्हणून. म्हणालास, “ग्लेन, पुरे झालं. टीम वॉर्निंग. आता पुढचा जो कोणी करील तो दहा मिनिटं बाहेर, मग तो कोणी का असेना.” मी म्हणालो, बरं साहेब. मी जाऊन पोरांना सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. किअरनची मान तर सगळ्यांत जोरात हलली. पाच चुका करून बसलेली माणसं त्या क्षणापासून गरीब गाय झाली, कारण आता भीती होती. भीती नव्हती ती फक्त मला, कारण मी काही केलंच नव्हतं. या नियमाची खोच तिथेच आहे. आमच्या गाद्यांच्या कारखान्यात मुकादमाने एकदा असंच जाहीर केलं, की सगळे उशिरा येता, उद्यापासून जो पहिला उशिरा येईल त्याचा अर्धा दिवस कापणार. दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर. उशिरा आली ती शिवणखात्यातली एडना, जी एकतीस वर्षांत कधी उशिरा आली नव्हती आणि जिची बस त्या दिवशी चढावर बंद पडली. मुकादम म्हणाला, नियम म्हणजे नियम. तुम्ही रेफरी लोकही असंच म्हणता.

आणि तुला हे मी का सांगावं? तुझं सगळं बालपण टीम वॉर्निंगखाली गेलं आहे. तुझी आई तुम्हां दोघांना एकाच खोलीत झोपवायची. जॅनिन भांडण काढायची, उशा फेकायची, तुझे पाय ओढायची. मग आई जिन्यातून ओरडायची, आता पुढचा आवाज ज्याचा येईल त्याला उद्या पुडिंग नाही. जॅनिन चिडीचूप. आणि तू शिंकायचास. किती पुडिंगं तू अशी गमावलीस हे तू स्वतः माझ्या लग्नात भाषणात सांगितलंस आणि तेव्हा तुझे डोळे पाणावले होते. त्या मुलाने मोठं होऊन शिट्टी हातात घ्यावी आणि तेच करावं, याचं मला नवल वाटतं. राग नाही, नवल.

तर आता माझा गुन्हा. त्यांचा तो खाटकाचा मुलगा, दरवाजाएवढा, माझ्या अंगावर आला. मी त्याला नीट, कमरेखाली, पुस्तकात दाखवतात तसा पाडला. दोघेही पडलो. मी उठायला गेलो आणि डावा गुडघा अडकला. आता, उठायचं नाही आणि उठता येत नाही यांत फरक आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं हे मला मान्य आहे. मी आधारासाठी त्याचा शर्ट धरला आणि तुला वाटलं, मी त्याला दाबून धरलाय. माझ्याखालून तो पोरगा म्हणाला, “सावकाश, काका, घाई नाही.” (हे तुला ऐकू आलं असेल तर विसर.) तुझी शिट्टी वाजली. मी म्हणालो, “साहेब, उठतोय ना मी.” तू म्हणालास, “उठ आणि उठून तिकडेच जा.” मग त्या पोराने मला हात देऊन उभं केलं.

तिकडे म्हणजे कुठे, ते तू जाणतोस. आपल्या मैदानावर सिन-बिन म्हणजे तुझ्या आईच्या पाईच्या टपरीमागची प्लॅस्टिकची खुर्ची. टेकलो नाही तोच सासूबाईंनी हातात डाव दिला. म्हणाल्या, “बसलाच आहेस तर वाटाणे ढवळ, खाली लागतायत.” काय केलंस म्हणून विचारलं, तर मी म्हणालो, मुद्दाम दाबून धरला. त्यांना बरं वाटलं. “अजून रग आहे म्हणायची,” असं म्हणून त्यांनी मला एक पाई दिली. दहा मिनिटं संपली तेव्हा गिऱ्हाइकांची रांग फाटकापर्यंत गेली होती आणि सासूबाई म्हणाल्या, वाटाणे शिजल्याशिवाय कोणी कुठे जाणार नाही. त्यामुळे मी उशिरा परतलो. तोवर आमच्या बारा जणांनी चेंडू रेषेपार टेकवून दोन ट्राय केल्या होत्या. मी असताना एकही झाली नव्हती. यावरून कोणी काही निष्कर्ष काढू नये. आपण जिंकलो, फायनलला गेलो, आणि किअरनला सामनावीर म्हणून बियरचा क्रेट मिळाला.

सारांश, मी निर्दोष होतो, हे तू एकदा, खासगीत का होईना, मान्य करावंस. माझं एवढंच म्हणणं आहे. बाकी लोभ आहेच.

तुझा मेहुणा,
ग्लेन

ता. क. रविवारी तू जेवायला येतोयस ना? भाजलेलं बीफ आहे. जॅनिन त्या दिवशी दुकानात पाळीवर होती, तिने काही पाहिलेलं नाही. ती तुला विचारील की याला बाहेर का काढलंस.

ता. ता. क. वर लिहिलेलं सगळं विसर. ती विचारील तेव्हा सांग, की ग्लेनने मुद्दाम केलं. दाबून धरला, बदमाशी केली, वर उलट बोलला. हवं तर शिवी दिली म्हण. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी तिला शब्द दिला होता, की ज्या दिवशी मैदानावर माझं मला उठता येणार नाही त्या दिवशी बूट काढीन. मी तिला सांगितलंय की पोराला मुद्दाम दाबला. फायनल तीन आठवड्यांवर आहे, डॅरिल. मला दोषी ठरव. तुझे उपकार होतील.

ता. ता. ता. क. डॅरिल, मी जॅनिन. पत्र टेबलावर उघडं टाकून हा तिकीट शोधायला वर गेलाय. जिना उतरायला त्याला किती वेळ लागतो ते तुला माहीत नाही. माझं दोनदा वाचून झालं. शनिवारी मी पाळी बदलून घेतली होती आणि लांबच्या गोलमागे भिंतीशी उभी होते. मागच्या महिन्यातही होते. तेव्हाही त्याला दुसऱ्यानेच उठवलं. दर वेळी मी श्वास रोखून मोजत असते, हा उठतो की नाही. फायनल त्याला किती हवी आहे ते मला बावीस वर्षं दिसतंय. ते त्याने मला तोंडाने सांगावं, मग बघू. पण आईला एक खोटं सांगून झालं, मला एक, आणि आता तुला कामाला लावलंय. तेव्हा तुम्हां दोघांना टीम वॉर्निंग. पुढचं खोटं कोणाच्याही तोंडून आलं, तरी ग्लेन फायनल माझ्याशेजारी बसून पाहील आणि तुला पुडिंग नाही. जिन्यावर पाऊल वाजलं. रविवारी एक वाजता ये, आणि शिंकू नकोस.