भिंतीवर चढलेली मुलगी

चि. चिमणीस,
थोरल्या ताईचे आशीर्वाद, आणि जोडीला थोडा राग.

मी बरी आहे, आईला तसंच सांग. लिथियमची गोळी इतकी वर्षं माझं मन ताळ्यावर ठेवते आहे. तिच्यामुळेच थायरॉईड मंदावलं म्हणतात, म्हणून सकाळी उपाशीपोटी आणखी एक गोळी. लॉन्ड्रीत दिवसभर तापलेल्या इस्त्रीपुढे उभी असते, तरी अंगातला स्वेटर उतरत नाही. मालकीण मला ‘थंडोबा’ म्हणते. आईचा गुडघा कसा आहे?

राग परवाच्या फोनचा. मी शाळेची भिंत चढून तुझी चप्पल कशी आणली, ते तू फोन स्पीकरवर ठेवून तुझ्या मुलांना सांगत होतीस. मी आपली आठवत असल्यासारखी हसले, पण हसायची जागा अजून पुढे होती. तू गोष्ट तिथेच सोडलीस. मला त्यातलं काहीच आठवत नाही गं. ना भिंत, ना चप्पल.

डॉक्टर म्हणतात, थायरॉईड जागेवर आलं की विसरणं थोडं कमी होईल, पण गोळ्या सोडायच्या नाहीत. सोडत नाहीच मी. पण तुझ्याकडून पाढे घोकून घेतले मी, आणि आज सगळं तुझ्या डोक्यात! जळते मी तुझ्यावर, अगदी मनापासून जळते.

ती भिंतीवर चढणारी धीट मुलगी मला फार आवडली. तुझ्याकडे ती अजून आहे, माझ्याकडे नाही. पुढच्या फोनवर तिची गोष्ट पुन्हा सांग, सावकाश. मी खोटं हसणार नाही.

तुझीच,
ताई