मिस ओपलचा चकाकता दांडा

मी, वेंडेल क्राउस, वय ७९, राहणार बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करतो. कुणाचं दडपण नाही. आहे ते माझ्याच कर्माचं. टाइप मुलगी लोरेटा करते आहे.

१. घर आणि बँकेतली शिल्लक लोरेटाला.

२. वेल्डिंगचा संच आणि पत्र्याची हत्यारं गावातल्या शाळेच्या वर्कशॉपला. मेव्हण्याला एक पानाही देऊ नये. नेलेलं परत करायची त्याला सवय नाही.

३. १९३४ची फोर्ड, म्हणजे 'मिस ओपल'. छप्पर कापून चार इंच खाली आणून, जांभळा रंग चढवून ती मी गिटारवाल्या रॉयस टॉलिव्हरसाठी बांधली. १९७९ साली त्याच्या बँडच्या रेकॉर्डच्या कव्हरवर तिचा फोटो आला आणि आम्ही तिघंही गाजलो. बँड फुटल्यावर त्याने ती मला परत दिली. मुलाखतीत तो सांगतो, "गाडीचं चित्र मीच नॅपकिनवर काढलं होतं." त्या नॅपकिनवर सॉसखेरीज काही नव्हतं. तरी माझ्या पश्चात गाडी रॉयसलाच.

४. अट एकच. पुढची चाकं वळवणारा दांडा काढून नवा बसवल्याशिवाय गाडी कुणी चालवू नये. फोटोत चमकावा म्हणून मी त्याला क्रोमचा मुलामा चढवला. त्यानंतर पोलाद काही तास भट्टीत तापवावं लागतं, नाहीतर ते आतून ठिसूळ होतं. फोटोवाले दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होते. मी तापवलं नाही. त्याच चकाकीने माझं नाव झालं, म्हणून बत्तीस वर्षं तोंड शिवून बसलो. रॉयस दर सप्टेंबरात जत्रेत गाण्यासाठी माझ्याकडून ती गाडी नेतो आणि चालवत स्टेजवर जातो, तेव्हा मी फक्त पुढच्या चाकांकडे बघत असतो.

इथे लोरेटा टाइप करायची थांबली.

"डॅडी, जत्रा परवा शनिवारी आहे. तुम्ही त्याआधी मरणार आहात का?"

मी हातोडा उचलला. आम्ही गॅरेजमध्ये गेलो. नट तिने सोडवले, हातोडा मी मारला. एकाच घावात दांडा खापरासारखा तुटला. मग रॉयसला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल.

"वेंडेल," तो म्हणाला, "मागच्या वर्षी माझी नात शेजारी बसली होती रे."

५. सबब कलम ४ रद्द. दांड्याचा एक तुकडा रॉयसला द्यावा, दुसरा माझ्याबरोबर थडग्यात ठेवावा.

६. शनिवारी रॉयस स्टेजवर पायी जाईल. का, ते माइकवर मी स्वतः सांगणार आहे. तोवर मी मेलो, तर लोरेटाने कलम ४ तिथे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. एक शब्दही गाळू नये.

सही: वेंडेल क्राउस
आमच्यासमक्ष सही झाली: हॉलिस पॅजेट, शेजारी, इनेस बारिओस, शेजारीण
बेकर्सफील्ड, गुरुवार, १५ सप्टेंबर २०११