झोपेतला अंगठा

प्रिय अस्मिता,

चार वर्षांनी तुझं नाव कागदावर लिहिलं. 

तुडीलच्या शाळेत मी बायकांचा प्रौढ वर्ग घ्यायचो, तेव्हा तुझी आई शेवटच्या रांगेतून टोमणा मारायची, "भात लावणाऱ्या हाताला पेन्सिल चावते हो गुरुजी! घरात एक मास्तर पुरे नाय का?" पण ज्या दिवशी तिनं 'मंजुळा' अशी सही केली, त्या दिवशी अंगठ्याच्या शाईची डबी मी सावित्री नदीत भिरकावली. वाटलं, आपल्या घरातून अंगठा गेला.

म्हातारपणी तो परत आला. रेशनला अंगठा, बँकेत अंगठा. कशासाठी घेतात, कुठे ठेवतात, कोणी सांगत नाही. विचारल्याशिवाय माणसाचं बोट धरू नये, म्हणून मी दुकानात भांडायचो. दुकानदार दत्ताराम हसायचा, "गुरुजी, मशीनला कविता समजत नाय."

दहा दिवसांपूर्वी आईला झटका आला. घाबरू नकोस, आता ती उशीला टेकून बसते. पण उजवा हात लुळा आहे, बोलणं नाही. तिचा फोन मात्र सारखा लुकलुकत होता, आणि तो तिच्या अंगठ्याशिवाय उघडत नाही. काल दुपारी ती झोपलेली असताना मी तिचा अंगठा हलकेच उचलला आणि काचेवर टेकवला. मी, ज्यानं शाईची डबी फेकली होती.

आत तुझे निरोप होते: 'आई, अण्णांचा आजचा आवाज पाठव ना गो.' त्याआधी आईनं तुला पाठवलेले आवाजाचे शेकडो तुकडे म्हणजे ओटीवर मी म्हणतो त्या शाळेतल्या कविता. मध्येच माझा खोकला, कारखान्यांच्या वसाहतीच्या बसचा हॉर्न. तू प्रितमशी मला न विचारता लग्न केलंस म्हणून मी दार लावलं, आणि ही त्याच दाराआडून मला न विचारता माझा आवाज तुला देत राहिली!

ती जागी झाल्यावर मी सगळं कबूल केलं, माफी मागितली.  मग डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून तिनं स्वतःच अंगठा फोनवर ठेवला.

मी लगेच कविता म्हणायला बसलो, पण आवाज कसा पाठवायचा ते मला येत नाही. म्हणून हे पत्र. तुमचं पोलादपूर काही लांब नाही, सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतोय. तू आणि प्रितम या. आता दाराआडून नको, ओटीवर बसून ऐका. या वेळी मी विचारतोय, याल ना?

गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसलेला,
तुझाच अण्णा